सिरीयल पोर्ट ‘अप’, लाइन प्रोटोकॉल ‘डाउन’ : क्लॉक नेमकं कुणी द्यायचं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नांदेड-परभणी पट्ट्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याचं नेटवर्क माझ्याकडे आहे. कारखाना ते शहरातलं मुख्य कार्यालय अशी २ एमबीपीएसची लीज्ड लाइन आहे. दोन्ही टोकांना मोडेम, मोडेममधून जी.७०३ (टेलिफोन कंपन्यांची २ एमबीपीएसची जोडणी), तिथून जी.७०३ ते व्ही.३५ (राउटरकडची सिरीयल जोडणी) कन्व्हर्टर आणि मग राउटरचा सिरीयल पोर्ट. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली, कारखान्याकडचा राउटर आणि कन्व्हर्टर दोन्ही गेले. कार्यालयाकडचा राउटर सिस्कोचा आहे, कारखान्यात आता दुसऱ्या कंपनीचा बसवलाय.

लावल्या लावल्या सिरीयल अप, लाइन प्रोटोकॉल डाउन, म्हणजे तार जोडलेली दिसते पण दोन राउटरांचं बोलणं जमत नाही. दोन्हीकडे पीपीपी (दोन राउटरांमधली बोलायची सर्वमान्य पद्धत) केलं तेव्हा प्रोटोकॉल वर आला. पण आता सीआरसी एरर (तपासणीत चुकीची निघालेली पॅकेटं) वाढतच राहतात, आणि दिवसा लिंक मधूनमधून पूर्ण पडते, परत उठते. क्लॉकसाठी (बिट कोणत्या क्षणी वाचायचा ते सांगणारा ठोका) ‘क्लॉक रेट २००००००’ द्या असं एकानं सांगितलं, तर सिस्को ती आज्ञा घेतच नाही. बँडविड्थ २०४८ केली, काही फरक नाही.

दिवाळीनंतर गाळप सुरू होईल. वजनकाट्याच्या पावत्या याच लाइनवरून कार्यालयात जातात आणि त्यावरूनच शेतकऱ्यांच्या उसाचा हिशोब बनतो. त्याआधी हे निस्तरायचंय. क्लॉक नेमकं कुणी द्यायचं, आणि सिरीयल पोर्टवर कोणकोणत्या गोष्टी हातानं ठरवाव्या लागतात?

जालनेकर
आधी ‘शो कंट्रोलर्स सिरीयल’ चालवा आणि वरच्या चार-पाच ओळी इथं टाका. त्यात केबल व्ही.३५ आहे का, डीटीई (क्लॉक घेणारं टोक) आहे की डीसीई (क्लॉक देणारं), आणि क्लॉक मिळतंय का, हे तिन्ही दिसतं. ‘टीएक्स ॲन्ड आरएक्स क्लॉक्स डिटेक्टेड’ असं लिहून येत असेल तर क्लॉक पोचतंय. मग ‘शो इंटरफेस सिरीयल’ मधले सीआरसी, फ्रेम, ॲबॉर्ट आणि कॅरियर ट्रान्झिशन (लाइन किती वेळा पडली-उठली) हे चार आकडे. काउंटर एकदा साफ करा आणि अर्ध्या तासानं बघा. जुने साठलेले आकडे पाहून काहीच कळत नाही.

क्लॉक रेट राउटर घेत नाही कारण तुमची केबल डीटीई आहे. ती आज्ञा फक्त डीसीई टोकाला लागू पडते. लीज्ड लाइनवर डीसीई म्हणजे मोडेम किंवा कन्व्हर्टर, क्लॉक त्यानं द्यायचं आणि राउटरनं घ्यायचं.

एचडीएलसीचंही सांगतो, तीही पीपीपीसारखीच एक पद्धत. सिस्कोचा सिरीयल पोर्ट काही सांगितलं नाही तर एचडीएलसी चालवतो, पण ते सिस्कोचं स्वतःचं. आत कोणता प्रोटोकॉल चाललाय हे कळावं म्हणून त्यांनी त्यात वेगळं खानं घातलंय. दुसऱ्या कंपनीच्या राउटरला ते समजेलच असं नाही, काहींवर तर न सांगता पीपीपीच असतं. दोन वेगळ्या कंपन्या आमनेसामने आल्या की पीपीपी करायचं, ते तुम्ही बरोबर केलंत.

औरंगपुरा
२ एमबीपीएस? सिरीयल? भाऊ, फायबर घ्या आणि मोकळे व्हा. इथरनेटवर क्लॉक नाही, डीसीई नाही, डिप स्विच (उपकरणावरचे छोटे खटके) नाही. ज्या कार्डांचे सुटे भागसुद्धा आता जुन्या बाजारात शोधावे लागतात त्यांच्यामागं वेळ घालवण्यात अर्थ नाही. मी हे मनापासून सांगतोय.

गोदाकाठ
@औरंगपुरा, फायबर तालुक्यापर्यंत आलंय. पुढचं अंतर तांब्यावरच आहे. रस्ता रुंदीकरण चालू असल्यानं नवी केबल टाकायला परवानगी मिळायची आहे. फायबर आलं तरी ही लाइन मी बॅकअप म्हणून ठेवणार. गाळपात काटा थांबला तर ट्रॅक्टरची रांग रस्त्यावर जाते.

सेमिस्टर_५
मी नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. पॅकेट ट्रेसर या सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सिरीयल डीसीई केबल लावली की एका टोकाला घड्याळाचं चित्र येतं, तिथं क्लॉक रेट ६४००० मारायचा आणि लाल ठिपका हिरवा होतो. यापलीकडे काही माहीत नाही. वजनकाट्यालाही सिरीयल केबल असते ना? तेच का हे?

टेलिफोन_काका
बाळा, ते वेगळं. चांगला प्रश्न विचारलास म्हणून सविस्तर लिहितो. मी दूरसंचारमध्ये नोकरी करून लातूरला निवृत्त झालोय, हेच काम केलंय.

वजनकाट्याची केबल आणि राउटरची कन्सोल केबल असिंक्रोनस. ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप. प्रत्येक अक्षराआधी एक स्टार्ट बिट, नंतर एक स्टॉप बिट. म्हणजे ८ कामाच्या बिटांसाठी १० बिट तारेवर जातात. पाठवणारा आणि घेणारा आपापलं घड्याळ वापरतात. स्टार्ट बिट आला की घेणारा नव्यानं मोजायला लागतो, म्हणून घड्याळांत थोडा फरक असला तरी दहा बिटांत तो चालून जातो.

सिंक्रोनसमध्ये स्टार्ट-स्टॉप नाहीच. बिट सलग येतात, आणि कोणत्या क्षणी बिट वाचायचा ते वेगळ्या तारेवरचं क्लॉक सांगतं. भजनात ताल एकाच पखवाजाचा असतो, प्रत्येक टाळकरी आपला ताल धरायला लागला तर भजन मोडतं, तसंच हे. लाइनीत कितीही उपकरणं असोत, मूळ ताल एकाचाच पाहिजे.

मग पॅकेट कुठं सुरू झालं हे कसं कळतं? त्यासाठी ०११११११० हा फ्लॅग. शून्य, सहा एक, शून्य. डेटातच असा क्रम आला तर घोटाळा होईल, म्हणून पाठवणारा सलग पाच एक गेले की एक शून्य आपल्या मनानं घालतो आणि घेणारा तो काढून टाकतो. सात किंवा त्याहून जास्त सलग एक आले तर घेणारा ते ॲबॉर्ट समजतो. जालनेकरांनी जो ॲबॉर्टचा आकडा मागितलाय तो हाच. क्लॉक घसरलं की मधला एखादा बिट गळतो किंवा दोनदा वाचला जातो, मग कधी सीआरसी चुकतो, कधी ॲबॉर्ट मोजला जातो.

व्ही.३५ चंही ऐकून ठेव. १९६८ मध्ये ते ४८ केबीपीएसच्या मोडेमसाठी आलं. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं ते मागेही घेतलं आणि व्ही.१०, व्ही.११ वापरा म्हणून सांगितलं. पण ३४ पिनांचा तो जाडजूड कनेक्टर बाजारातून गेला नाही, २ एमबीपीएसला लोक अजून तोच लावतात.

सेमिस्टर_५
काका, तुम्ही आमच्या कॉलेजात शिकवायला या. हजेरी पूर्ण लागेल.

किनवटचा
वाचनखूण साठवली. काकांचा प्रतिसाद छापून रॅकच्या दारावर लावणार आहे.

अंबाजोगाईची
मी पॉलिटेक्निकची लॅब सांभाळते. २०२० च्या फेब्रुवारीत सिस्कोच्या सीसीएनए प्रमाणपत्राची २००-३०१ ही नवी परीक्षा आली तेव्हापासून सिरीयल आणि पीपीपी अभ्यासक्रमातून गेलं. मुलांना वाटतं, परीक्षेत नाही म्हणजे जगात नाही. कारखाने, धरणं, सबस्टेशन इथं जाऊन बघा म्हणावं.

गोदाकाठ दादा, बँडविड्थचा गैरसमज फार जणांचा असतो म्हणून लिहिते. ‘बँडविड्थ’ आज्ञेनं लाइनचा वेग बदलत नाही. तो आकडा फक्त राउटिंग प्रोटोकॉल (वाट ठरवणारे) आणि क्यूओएस (कोणत्या ट्रॅफिकला आधी जाऊ द्यायचं) यांच्या हिशोबाला घेतात. सिस्कोच्या सिरीयल पोर्टवर मुळात १५४४ केबीपीएस असतो, कारण तो अमेरिकेतल्या टी-वन लाइनचा वेग. ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये दहा कोटीला बिटांतल्या त्या वेगानं (१५,४४,०००) भागलं की कॉस्ट ६४ येते; जिची कॉस्ट कमी ती वाट राउटर निवडतो. आपल्याकडं ई-वन लाइन, २०४८, त्याची कॉस्ट ४८. हा आकडा खराच टाका, कारण उद्या फायबर आलं आणि ही लाइन बॅकअप झाली की ट्रॅफिक कुठून जाणार हे त्यावरच ठरेल. ६४ केबीपीएसची जुनी लाइन असेल तर तिची कॉस्ट १५६२ यायला हवी, पण बँडविड्थ टाकली नाही तर तीही ६४ दाखवते आणि राउटर दोन्ही लाइनी सारख्याच समजतो.

गोदाकाठ
जालनेकर, तुम्ही सांगितलेलं काढलं. दोन्हीकडे केबल व्ही.३५ डीटीई. टीएक्स, आरएक्स क्लॉक डिटेक्टेड. डीसीडी, डीएसआर, सीटीएस (लाइन तयार आहे का ते सांगणारे सिग्नल) सगळे अप. काउंटर साफ केल्यापासून सीआरसी आणि ॲबॉर्ट दोन्ही वाढायलेत. सतत मोठा पिंग लावला तर साधारण पाच सेकंदांनी एक पिंग पडतो, आणि हे रात्री पण. कॅरियर ट्रान्झिशन मात्र फक्त दिवसा वाढतात, रात्री एकही नाही.

जालनेकर
हे दोन वेगळे आजार आहेत. एकत्र पाहू नका.

पाच सेकंदांनी नेमानं एक पिंग पडणं, दिवसरात्र, हे स्लिपचं, म्हणजे दोन क्लॉक न जुळल्यानं डेटा घसरण्याचं, लक्षण आहे. तांबं खराब असतं तर एरर कसेही आले असते, पावसात जास्त, रात्री कमी. हिशोब करा. २०४८ केबीपीएसच्या जी.७०३ क्लॉकला ५० पीपीएमची (दहा लाखांत ५०) सूट असते. म्हणजे सेकंदाला १०२ बिटांपर्यंत इकडं-तिकडं. दोन क्लॉकमध्ये समजा २५ पीपीएमचा फरक आहे, तर सेकंदाला ५१ बिट जास्त किंवा कमी पडणार. ते बफरमध्ये साठत जातात. ई-वनची एक फ्रेम २५६ बिटांची. ५१ नं भागा, पाच सेकंद. दर पाच सेकंदांनी बफर एक अख्खी फ्रेम टाकून देतो किंवा तीच परत वाचतो, आणि त्या वेळी जे पॅकेट तारेवर असेल ते गेलं.

तेव्हा तुमच्या लाइनीत दोन क्लॉक आहेत. एक कन्व्हर्टर इंटर्नलवर (स्वतःच्याच क्लॉकवर) असणार, माझा संशय कारखान्याकडच्या नव्यावर. झाकण काढा किंवा मागं बघा, डिप स्विच असतील.

रेणापूर
एका टोकाला इंटर्नल आणि दुसऱ्या टोकाला लूप (समोरून आलेलं क्लॉकच वापरायचं), असं पाहिजे ना? आमच्याकडं तसंच हाय आणि झक्कास चालूलालंय.

टेलिफोन_काका
रेणापूरकर, तुमच्याकडं दोन मोडेममध्ये नुसती तांब्याची जोडी असेल तर तुमचं बरोबर. तिथं दुसरं कुणीच क्लॉक देत नाही, म्हणून एक टोक मालक आणि दुसरं त्याच्यामागं. पण गोदाकाठ यांची लाइन पुरवठादाराच्या नेटवर्कमधून जाते. त्या नेटवर्कला स्वतःचं मुख्य क्लॉक असतं, त्याची अचूकता दहा अब्जांत एकाहूनही चांगली. तिथं दोन्ही कन्व्हर्टरनी लाइनवरून येणारं क्लॉकच घ्यायचं. एकही इंटर्नलवर नको.

कन्व्हर्टर बदलणाऱ्याला हा फरक ठाऊक नसतो. खोक्यातून निघालेलं उपकरण इंटर्नलवर असतं, तसंच जोडून तो निघून जातो. दिवा हिरवा लागला की काम संपलं.

रेणापूर
आलं ध्यानात काका. आमची दोन गोदामांमधली स्वतःची जोडी हाय, मधी कोणी न्हाई.

औरंगपुरा
एक सूचना. केबल लांब असेल तर ‘इन्व्हर्ट टीएक्सक्लॉक’ मारून बघा. पूर्वी एका ठिकाणी त्यानंच सीआरसी गेले होते.

जालनेकर
@औरंगपुरा, ती आज्ञा खरी आहे, पण तिचा आजार वेगळा. कन्व्हर्टर पाठवायचं क्लॉक राउटरला देतो. राउटर त्यावर डेटा सोडतो. क्लॉक यायला वेळ, डेटा परत जायला वेळ. २ एमबीपीएसला एक बिट साधारण ४८८ नॅनोसेकंदांचा असतो. केबलमध्ये मीटरमागं सुमारे ५ नॅनोसेकंद धरा, तर १५ मीटरला जाऊन-येऊन १५०, वर दोन्हीकडच्या ड्रायव्हरचा उशीर. अर्धा बिट म्हणजे २४४. त्याच्या आसपास पोचलं की कन्व्हर्टर बिट नेमका बदलत असतानाच वाचतो आणि चुकतो. तेव्हा क्लॉक उलटं केलं की वाचायचा क्षण अर्ध्या बिटानं सरकतो. ६४ केबीपीएसला बिटच १५ मायक्रोसेकंदांचा, तिथं ही अडचण येतच नाही.

पण या दोषात एरर फक्त एका दिशेला येतात, कारण घेणाऱ्या बाजूला डेटा आणि क्लॉक एकाच टोकाकडून बरोबर येतात. आणि पाच सेकंदांचा नेम नसतो. गोदाकाठ, तुमची व्ही.३५ केबल किती लांब आहे? आणि एरर दोन्ही राउटरवर आहेत ना?

गोदाकाठ
केबल एकाच रॅकमधली, तीन मीटरची असेल. एरर दोन्हीकडे.

जालनेकर
मग इन्व्हर्टला हात लावू नका. आज्ञा मारून बघायची आणि बरं वाटलं की सोडून द्यायची, यानं पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. क्लॉक आधी, बाकी नंतर.

औरंगपुरा
पटलं. एका दिशेचं गणित माझ्या लक्षात नव्हतं. फायबरवर मात्र मी ठाम आहे. :)

परळी_सबस्टेशन
मी वीज विभागातला, राउटरमधलं कळत नाही. पण दिवसाच लाइन पडते, रात्री नाही, हे वाचून विचारतो. सध्या कारखान्यात ओव्हरहॉलिंग चालू असेल ना? वेल्डिंग चालतं का? मोडेम आणि राउटर एकाच अर्थिंगवर आहेत का?

गोदाकाठ
वेल्डिंग सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मोडेम टेलिफोनच्या खोलीतल्या बोर्डावर आहे, राउटरचा यूपीएस नव्या इमारतीच्या अर्थिंगवर. केबल भिंतीतून आलेली.

परळी_सबस्टेशन
तर मग तिथंच बघा. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव माहीत आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडपासून माती सुटते. अर्थपिटमध्ये कुणी पाणी टाकत नाही, रेझिस्टन्स वाढत जातो. दोन अर्थिंग वेगळ्या, त्यात वेल्डिंगची रिटर्न क्लॅम्प लोक जवळच्या खांबाला किंवा पाइपला लावतात. मग तो करंट वाट मिळेल तिथून परततो आणि दोन अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक उभा राहतो. मोडेमच्या बॉडीपासून राउटरच्या बॉडीपर्यंत मीटर लावा, एसी आणि डीसी दोन्ही मोजा, वेल्डिंग चालू असताना आणि बंद असताना. मापताना एकट्यानं जाऊ नका, कारखान्याचा इलेक्ट्रिशियन सोबत घ्या.

टेलिफोन_काका
सबस्टेशनवाल्यांनी दुखरी नस पकडली. यामागचं कारण व्ही.३५ च्या बांधणीत आहे. त्यात डेटा आणि क्लॉक जोडतारेवर जातात, दोन तारांमधला फरक वाचला जातो, म्हणून बाहेरचा त्रास बराचसा सहन होतो. पण डीसीडी, डीएसआर, सीटीएस, आरटीएस हे कंट्रोलचे सिग्नल एकेरी तारेवर आणि सामायिक ग्राउंडवर असतात. ग्राउंड हललं की डीसीडी हलला. राउटरला वाटतं कॅरियर गेला, तो इंटरफेस खाली पाडतो. म्हणून तुमचे कॅरियर ट्रान्झिशन दिवसा, आणि सीआरसी दिवसरात्र.

किनवटचा
डीसीडीच गडबड करत असेल तर ‘इग्नोर-डीसीडी’ नाही का देता येणार?

टेलिफोन_काका
देता येतं. मग राउटर डीसीडीऐवजी डीएसआर बघतो. पण तोही त्याच ग्राउंडवरचा एकेरी सिग्नल. शिवाय उद्या लाइन खरंच तुटली तर राउटरला लगेच कळणार नाही. सिस्कोच्या एचडीएलसीत किपअलाइव्ह (‘मी चालू आहे’ असा निरोप) दर १० सेकंदांनी जातो, तीन चुकले की प्रोटोकॉल पडतो. म्हणजे अर्धा मिनिट डेटा वाऱ्यावर. ज्या मोडेमवर डीसीडीची तारच नाही तिथं ही आज्ञा कामाची आहे.

अंबाजोगाईची
पुरवठादाराचा माणूस येणार असेल तर डिप स्विच बघताना आणखी एक गोष्ट बघून घ्या, फ्रेम्ड की अनफ्रेम्ड. ई-वनमध्ये ६४ केबीपीएसचे ३२ टाइमस्लॉट. फ्रेम्ड असेल तर शून्य क्रमांकाचा स्लॉट फ्रेमिंगला जातो, उरतात ३१, म्हणजे १९८४ केबीपीएस. अनफ्रेम्डला पूर्ण २०४८. फ्रेम्डमध्येसुद्धा सीआरसी-४ चालू की बंद हे दोन्हीकडे सारखं हवं. हा सीआरसी-४ ई-वनचा, राउटरच्या इंटरफेसवर मोजला जाणारा सीआरसी वेगळा. मुलं नेहमी गल्लत करतात. राउटरचा १६ बिटांचा असतो, काही कार्डांवर ३२ करता येतो, पण एकीकडे १६ आणि दुसरीकडे ३२ झालं तर एकही पॅकेट धड पोचत नाही.

सेमिस्टर_५
आणि एनआरझेडआय म्हणजे काय? आज्ञांच्या यादीत दिसलं.

अंबाजोगाईची
बिट तारेवर मांडायची दुसरी रीत. साधारणपणे एनआरझेड असतं, तसंच राहू द्यायचं. आयबीएमच्या जुन्या एसडीएलसी जोडण्यांना एनआरझेडआय लागायचं. दोन्ही टोकं सारखी असली की झालं.

जालनेकर
स्विच बदलल्यावर लगेच ‘झालं’ म्हणू नका. कन्व्हर्टरवर चाचणीच्या लूपचं (आलेला डेटा तसाच परत पाठवायचं) बटण असतं. कार्यालयाकडून सुरुवात करा: आधी जवळच्या कन्व्हर्टरचा लोकल लूप, मग कारखान्याकडच्या कन्व्हर्टरचा रिमोट लूप. तात्पुरतं एचडीएलसी करून घ्या, मग सिस्कोवर ‘अप, लूप्ड’ असं दिसतं आणि स्वतःच्याच पत्त्याला पिंग केलं की तो पूर्ण फेरी मारून येतो. १५०० बाइटचे पिंग, एकदा सगळे शून्य आणि एकदा सगळे एक असा पॅटर्न देऊन. शून्यांच्या पॅटर्नला जास्त पिंग पडले तर लाइन कोडिंग (बिट तारेवर मांडायची रीत) बघा, ई-वनला एचडीबी-३ हवं. सिस्कोच्या मार्गदर्शनात एकूण ट्रॅफिकच्या १ टक्क्याहून जास्त इनपुट एरर असतील तर लाइन दुरुस्तीला घ्या असं आहे, पण माझं मत विचाराल तर नीट क्लॉक असलेल्या ई-वनवर रात्रभरात सीआरसी शून्यच असला पाहिजे. एक-दोनवर समाधान मानू नका. आणि लूप काढायला विसरू नका, पीपीपी परत लावा.

औरंगपुरा
अवांतर: नांदेडकरांनो, मागं भेटायचं ठरलं होतं त्याचं काय झालं? गुरुद्वाऱ्याच्या बाजूला कुठं तरी बसू.

किनवटचा
अवांतराला अवांतर: दिवाळीच्या आधी ठेवा, नंतर गोदाकाठ गाळपातून निघायचे नाहीत.

गोदाकाठ
कळवायला उशीर झाला, काम एका दमात उरकलं नाही.

कारखान्याकडचा नवा कन्व्हर्टर इंटर्नलवरच निघाला. कार्यालयाकडचा लाइन-क्लॉकवर होता. पुरवठादाराचा माणूस ‘आमच्याकडं एक इंटर्नल, एक लूपच ठेवतात’ म्हणत होता, त्याला काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला, मग त्यानं आपल्या वरिष्ठांना फोन लावला आणि स्विच फिरवला. फिरवताक्षणी पिंग पडायचे थांबले. लूप लावून शून्य आणि एक दोन्ही पॅटर्न चालवले. रात्रभर ठेवून सकाळी पाहिलं, दोन्ही राउटरवर सीआरसी शून्य, ॲबॉर्ट शून्य. लाइन फ्रेम्ड आहे, ३१ स्लॉट, सीआरसी-४ दोन्हीकडे चालू. म्हणून बँडविड्थ १९८४ केली. अंबाजोगाईच्या ताईंच्या हिशोबानं कॉस्ट आता ५० दाखवतोय.

पण दिवसा कॅरियर ट्रान्झिशन चालूच होते. इलेक्ट्रिशियनला घेऊन मोडेम आणि राउटरच्या बॉडीमध्ये मीटर लावला. वेल्डिंग बंद असताना काटा जवळजवळ हलत नव्हता, चालू झालं की काही व्होल्ट चढायचे, आणि चढले की डीसीडी गेलाच. टेलिफोनच्या खोलीतला अर्थपिट कोरडा ठणठणीत होता. आता मोडेम आणि कन्व्हर्टर राउटरच्याच रॅकमध्ये, त्याच यूपीएसवर आणि त्याच अर्थिंगवर आणलेत. टेलिफोनची जोडी तेवढी लांबवली आणि तिला वीजरोधक बसवला. वेल्डिंगवाल्यांना रिटर्न क्लॅम्प कामाच्या तुकड्यालाच लावायला सांगितलंय. तेव्हापासून भर दुपारी वेल्डिंग चालू असतानाही ट्रान्झिशन नाही.

पुढं कुणाला लागलं तर दोन्ही राउटरवर आता इतकंच आहे: पीपीपी, चॅपचा (समोरचा राउटर ओळखून घ्यायची रीत) पासवर्ड, बँडविड्थ १९८४. क्लॉक रेट नाही, इन्व्हर्ट नाही, इग्नोर-डीसीडी नाही. मधल्या काळात लोकांच्या सांगण्यावरून घातलेलं सगळं काढून टाकलं. सगळ्यांचे मनापासून आभार.

परळी_सबस्टेशन
लई बरं वाटलं वाचून. नवा अर्थपिट असला तरी उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत चला आणि वर्षातून एकदा रेझिस्टन्स मोजून भिंतीवर लिहून ठेवा.

टेलिफोन_काका
कन्व्हर्टरच्या झाकणावरही चिठ्ठी चिकटवा: ‘क्लॉक लाइनवरून, इंटर्नल करू नये’. पुढच्या विजेत तोही जाईल, आणि बदलायला येणारा माणूस नवाच असेल.

सेमिस्टर_५
शेवटचा प्रश्न. आमच्या लॅबमध्ये दोन जुने सिस्को राउटर मिळालेत, मध्ये लाइन नाही. त्यात क्लॉक कोण देणार? आणि चॅप लावलं की लिंक पडते.

अंबाजोगाईची
दोन राउटर थेट जोडायचे तर एका राउटरला डीटीई केबल, दुसऱ्याला डीसीई केबल आणि दोन्हींची व्ही.३५ टोकं एकमेकांत. सिस्कोच्या व्ही.३५ केबलमध्ये पिनांचं टोक डीटीईचं, भोकांचं टोक डीसीईचं. डीसीई ज्या राउटरला लागलीय त्यावर क्लॉक रेट द्यायचा, ६४००० पासून सुरू करा. लेबल झिजलं असेल तर ‘शो कंट्रोलर्स’ सांगतोच. केबल घेताना कार्डचा कनेक्टर बघा. विक-१टी ला ६० पिनांचा मोठा, विक-२टी ला २६ पिनांचे दोन छोटे स्मार्ट सिरीयल. चुकीची केबल आणून परत करणारे बरेच पाहिलेत.

चॅपसाठी प्रत्येक राउटरवर समोरच्या राउटरचं होस्टनेम हे युजरनेम म्हणून लिहायचं, स्पेलिंग आणि लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी. पासवर्ड दोन्हीकडे एकच. ‘डीबग पीपीपी ऑथेंटिकेशन’ लावून बघ, कोण कुणाला नाकारतंय ते नावासकट दिसेल.

सेमिस्टर_५
लागली! होस्टनेममध्ये आर कॅपिटल होता, युजरनेममध्ये लहान. ताई, धन्यवाद.